सायलेन्सर मापात बसवताना

गाडी माझ्याकडे आली तेव्हाच तिचा सायलेन्सर बदललेला होता. आधीच्या मालकाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) मागचं कंपनीचं सगळं काम उतरवून तिथे ७६ मिलिमीटरचा सरळ स्टेनलेस पाइप घातला होता. मधला रेझोनेटर, म्हणजे आवाजातली खरखर काढणारं नळकांडं, उडवलेला, आणि मागे एकच गोल, तोकडा सायलेन्सर. इंजिन चार सिलिंडरचं, पेट्रोल, टर्बो नसलेलं. आवाज खरंच देखणा होता. ज्याला गाडीच्या आवाजाची चीड आहे अशा माणसाने हे लिहिलेलं नाही, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मला तो आवाज हवा होता आणि तो नियमात बसल्याचा कागदही हवा होता. दोन्ही एका गाडीत नांदतात का, ते बघायचं होतं.

पहिलं काम हातात पाना घेण्याचं नव्हतं, नियम वाचण्याचं होतं. गाड्यांच्या आवाजाच्या चाचण्या मुळात दोन जातीच्या असतात. एक धावत्या गाडीची: ठरावीक पट्ट्यातून गाडी ॲक्सिलरेटर दाबत न्यायची आणि पट्ट्याच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर, १.२ मीटर उंचीवर ठेवलेल्या माइकने आवाज टिपायचा. नवीन मॉडेल मंजूर होताना कंपन्यांना ही द्यावी लागते. युरोपात साध्या मोटारीसाठी या चाचणीची मर्यादा २०१६ पासून ७२, मग ७० आणि पुढे ६८ डेसिबल अशी टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. दुसरी चाचणी उभ्या गाडीची. रस्त्यावर किंवा तपासणी केंद्रात आपल्या वाट्याला येते ती हीच.

उभ्या चाचणीची मर्यादाही सगळीकडे एकाच पद्धतीने ठरत नाही. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी मोटारींना सरसकट ९५ डेसिबल असा एकच आकडा आहे. दुसरी पद्धत अशी की, त्या मॉडेलचा मंजुरीच्या वेळी मोजलेला उभा आवाज कागदपत्रांत लिहिलेला असतो, तो किती फेऱ्यांवर मोजला तेही शेजारी असतं, आणि तुमची गाडी त्या आकड्याच्या आसपासच हवी. माझी गाडी या दुसऱ्या पद्धतीत बसत होती. कागदावर ८४ डेसिबल, ३७५० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे). वर पाच डेसिबलची सवलत. म्हणजे माझी रेघ ८९ वर.

हा ३७५० चा आकडा कुठून आला, याचं मला कुतूहल होतं. आयएसओ ५१३० या मानकात त्याचं उत्तर मिळालं. इंजिनाची कमाल ताकद ज्या फेऱ्यांवर मिळते ते ५००० किंवा त्याखाली असतील, तर त्याच्या ७५ टक्क्यांवर मोजायचं. ७५०० किंवा त्याहून जास्त असतील तर ५० टक्क्यांवर. मधल्या सगळ्या गाड्यांना थेट ३७५०. माझं इंजिन ६३०० ला कमाल ताकद देतं, म्हणजे मधल्या गटात. याचा अर्थ लक्षात आला तेव्हा कामाची दिशाच बदलली. लाल पट्ट्याजवळ, म्हणजे कमाल फेऱ्यांच्या जवळ, गाडी कशी ओरडते याच्याशी या चाचणीला काही देणंघेणं नाही. न्यूट्रलमध्ये, बिनओझ्याच्या इंजिनाचा, ३७५० वरचा आवाज तेवढा तिला हवा.

आणि एक गोष्ट, जी मी बोललो त्या बऱ्याच जणांच्या गावीही नव्हती. चाचणी नुसती ३७५० वर धरून संपत नाही. फेरे तिथे किमान एक सेकंद स्थिर ठेवायचे आणि मग ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा. फेरे खाली येतानाचा आवाजही मोजणीत येतो आणि या सगळ्यातला सर्वांत मोठा आकडा धरला जातो. हे वाक्य मी पेन्सिलने अधोरेखित करून ठेवलं. पुढे ते चांगलंच कामी आलं.

मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपवर माझा भरवसा नव्हता, तरी एकदा लावून बघितलंच. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की तो स्वतःच दबतो आणि खालचे सूर कापतो. दोन फोन शेजारी ठेवले तर दोघांच्या आकड्यांत सहज सहा डेसिबलचा फरक. मग साधा, क्लास दोनचा साउंड मीटर आणि त्याच्यासोबत कॅलिब्रेटर घेतला. कॅलिब्रेटर माइकवर टोपणासारखा बसतो आणि १००० हर्ट्झचा बरोबर ९४ डेसिबलचा सूर देतो. मोजणीआधी आणि मोजणीनंतर मीटर तोच आकडा दाखवतो का, हे बघायचं. तपासणी केंद्रात त्याहून अचूक, क्लास एकचा मीटर असतो, म्हणून माझ्या आकड्यात दीड डेसिबल इकडेतिकडे होऊ शकतं असं धरून चाललो.

मोजायला जागा मिळवणं हे मीटर मिळवण्यापेक्षा अवघड निघालं. जमीन डांबरी किंवा काँक्रीटची सपाट हवी. गाडीपासून आणि माइकपासून तीन मीटरच्या आत भिंत, दुसरी गाडी, बघायला जमलेली माणसं, काहीही नको. वारा मंद हवा. आणि आजूबाजूचा आवाज गाडीच्या आवाजापेक्षा किमान १० डेसिबल कमी हवा. गॅरेजच्या आत घेतलेल्या मोजणीला म्हणूनच अर्थ नसतो, तिथे भिंतीच आकडा वाढवतात. शेवटी एक रिकामं पार्किंग मिळालं, सुट्टीच्या दिवशी सकाळी.

माइक पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर, तोंडाच्याच उंचीवर (पण जमिनीपासून २० सेंटिमीटरच्या खाली नाही), आणि धुराच्या सरळ रेषेशी ४५ अंशाच्या कोनात. कोन अशासाठी की, माइक धुराच्या झोतात आला तर तो वारा मोजत बसेल. अंतराचं महत्त्व मी मुद्दाम तपासलं. अर्ध्या मीटरऐवजी ६० सेंटिमीटरवर धरला की आकडा दीड डेसिबलने उतरतो. त्यामुळे हातात मीटर धरून 'साधारण इथे' असं मोजलेलं काहीही मी मानत नाही. एक दोरी कापून घेतली, तिपाई लावली आणि जमिनीवर खडूने कोन आखला.

इंजिन नीट तापवून पहिली मोजणी घेतली. ३७५० वर स्थिर: ९७ च्या थोडं वर. ॲक्सिलरेटर सोडताना: १०१.

रेघ ८९ वर, आणि मी १२ डेसिबल वर. डेसिबलचा हिशेब सरळ नसतो. ३ डेसिबल उतरले की ध्वनीची ऊर्जा निम्मी होते, पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० उतरावे लागतात. स्थिर आकडा ९७ वरून ८९ वर आणायचा म्हणजे ऊर्जा जवळजवळ एक षष्ठांश करायची. नुसत्या टोकाला जाळी ठोकून हे होणारं नव्हतं. तशा जाळ्या किंवा बाफल मिळतात, एका बोल्टवर बसतात आणि त्याच बोल्टवर निघतात. तपासणीवाल्यालाही ते माहीत असतं. सहज निघणाऱ्या तुकड्यावर मंजुरी मागायला जाणं मला पटत नव्हतं.

पाइप कापून-जोडून देणारा फॅब्रिकेटर जुना माणूस. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, सायलेन्सरकडे पाहिलंही नाही. पाइपच्या तोंडावर चिंधी धरायला लावली आणि स्वतः खाली साबणाचं पाणी घेऊन फिरला. पुढच्या फ्लँजच्या, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या कडेच्या, गॅस्केटपाशी बुडबुडे.

"आधी हे. गळक्या पाइपाला कुठलाही सायलेन्सर लावा, टिकटिक वरूनच बाहेर पडणार."

गॅस्केट बदलली, फ्लँज घासून सपाट केला. एक डेसिबल गेला. एकच, पण आवाजातली पत्र्यासारखी कर्कश धार त्याच्याबरोबर गेली. मग त्याने मागचा सायलेन्सर उतरवून टोकाच्या कडा कापल्या. असल्या सरळ सायलेन्सरची रचना साधी असते: मधून छिद्रांचा पाइप आरपार, भोवती काचतंतू किंवा बसाल्टचं भरण, वर पत्र्याचं कवच. आवाजाच्या लाटा छिद्रांतून भरणात शिरतात आणि तंतूंमध्ये घासून उष्णता होऊन जिरतात. आमच्या सायलेन्सरमधलं भरण पुढच्या अर्ध्यात शिल्लकच नव्हतं. उरलेलं जुन्या गादीतल्या कापसासारखं गोळा होऊन एका बाजूला बसलं होतं. गरम वायूचे धक्के तंतू तोडत राहतात आणि ते छिद्रांतून बाहेर उडतात. म्हणून त्याने या वेळी छिद्रांच्या पाइपावर आधी स्टीलवूलचा एक थर गुंडाळला आणि मग काचतंतूंचं नवीन भरण ठासलं. किती ठासायचं हाही हाताचा अंदाज. सैल राहिलं तर उडतं, फार दाबलं तर लाटा आतच शिरत नाहीत. यानंतर मीटर ९३ च्या जरा खाली.

मधल्या रेझोनेटरवर आमचं दुमत झालं. आवाज 'मेला' तर, ही माझी भीती. त्याचं म्हणणं वेगळं.

"आवाज मारत नाही हो हा. खरखर काढतो. घुमार तसाच राहतो. लावून बघा, नाही आवडला तर कापून देतो."

लांब, सरळ आरपार, भरणाचा रेझोनेटर मध्यभागी वेल्ड केला. स्थिर आकडा ८८. आणि त्याचं खरं निघालं. वरच्या सुरांतली चिरचिर गेली, खालची जाड गुरगुर तशीच. किंबहुना आता ती जास्त स्वच्छ ऐकू येत होती.

हे असं का होतं ते समजायला मीटरचं वजन समजून घ्यावं लागतं. नियमातला डेसिबल 'ए' वजनाचा असतो, म्हणजे माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे सूर कमीजास्त धरणारा. १००० हर्ट्झचा सूर जसा आहे तसा मोजला जातो. १०० हर्ट्झच्या सुरातून मात्र १९ डेसिबल वजा होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. ३७५० आरपीएमवर सेकंदाला १२५ स्फोट, म्हणजे मूळ सूर १२५ हर्ट्झ, आणि मीटर त्यालाही बरीच सूट देतो. आकडा वर चढवतात ते त्याच्या वरचे सूर: छिद्रांतून जाणाऱ्या वायूची सूं, पत्र्याचा थरथराट, गळतीची टिकटिक. आणि भरणाचे सायलेन्सर जिरवतात तेही हेच सूर. म्हणजे आपल्याला गाडीच्या आवाजात जे आवडतं ते बहुतेक खाली असतं आणि कायद्याला जे खुपतं ते बहुतेक वर. माझ्या सगळ्या खटाटोपातून मिळालेली सर्वांत कामाची माहिती मला हीच वाटते. आवाज हवा असणाऱ्या माणसाला नियमाशी भांडायची जितकी गरज वाटते, तितकी ती प्रत्यक्षात नसते.

उलटी बाजूही तितकीच खरी. मीटर खूश झाला म्हणून गाडीत बसणारा खूश होतो असं नाही. २७०० आरपीएमला, म्हणजे नेमका हायवेवरच्या वेगात, केबिनमध्ये असा घुमारा धरायचा की शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागे. तो सूर ९० हर्ट्झचा. मीटरच्या लेखी जवळजवळ नगण्य, डोक्याला मात्र ताप. नियमासाठी याला हात लावायची गरज नव्हती, मी माझ्यासाठी लावला.

उपाय एक चतुर्थांश तरंगाची आंधळी नळी. मुख्य पाइपाला फाट्यासारखी जोडायची, दुसरं टोक बंद. लाट आत जाते, बंद टोकावरून परतते आणि मुख्य पाइपात बरोबर उलटी होऊन येते. त्या एका सुरापुरतं दोघींचं एकमेकींशी कटतं. लांबीचं सूत्र सोपं: ध्वनीचा वेग भागिले चारपट वारंवारिता. पण वेग कुठला? २० अंश हवेतला ३४३ मीटर प्रतिसेकंद घेतला तर लांबी ९५ सेंटिमीटर येते, आणि ती नळी काही कामाची नाही. धूर गरम असतो. ३०० अंशांना ध्वनीचा वेग ४८० च्या आसपास जातो आणि लांबी येते १ मीटर ३३. पाइपाच्या मागच्या भागात धूर नेमका किती गरम आहे हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, शिवाय बंद नळीतला वायू मुख्य पाइपातल्यापेक्षा थंड असतो. म्हणून फॅब्रिकेटरने टोक वेल्ड न करता सरकतं ठेवलं, क्लॅम्पवर. हायवेवर जाऊन यायचं, दोन सेंटिमीटर आत ढकलायचं, पुन्हा जायचं. सव्वा मीटरपाशी घुमारा असा गेला की आधी इंजिनच काही बिघडलं की काय असं वाटलं. मग टोक पक्कं केलं. मीटरच्या आकड्यात या सगळ्याने काहीच फरक पडला नाही, अपेक्षाही नव्हती.

आता पेन्सिलने अधोरेखित केलेलं वाक्य. स्थिर आकडा ८८ असला तरी ॲक्सिलरेटर सोडताना अजून ९३ दिसत होते. लोखंडाने हे उतरेना. कारण पाइपात नव्हतं, ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात होतं. आधीच्या मालकाने त्यातला मॅप, म्हणजे इंधन आणि ठिणगीची गणितं, बदलून घेतला होता: पाय काढल्यावर इंधन पूर्ण बंद व्हायच्या ऐवजी थोडं चालू राहायचं आणि ठिणगी उशिरा पडायची, म्हणजे जळण एक्झॉस्टमध्ये व्हायचं. त्यातून पाय काढताच फुटणारे ते फटाके. तरुण पोरं वळून बघतात, हे कबूल. पण सायलेन्सरचं भरण सगळ्यात वेगाने उडवणारे हेच, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून मारणारेही हेच, आणि चाचणीत सुटतानाचा आकडा फोडणारेही हेच.

मॅप बदलून देणारा ट्यूनर म्हणाला, "नुसते कमी करून देतो, अगदी घालवू नका." मी घालवायला लावले. मूळ मॅपमधली इंधनबंदी परत आली आणि ॲक्सिलरेटर सोडतानाचा आकडा स्थिर आकड्याच्या खाली गेला. एका लॅपटॉपने पाच डेसिबल उतरवले, जे आणखी एक सायलेन्सर लावून उतरले नसते.

८८ म्हणजे रेघेच्या आत, पण माझ्या मीटरची दीड डेसिबलची शंका धरली तर रेघेवरच. शिवाय भरण नवीन होतं, ते जुनं होणारच. म्हणून मागचा तोकडा सायलेन्सर बदलून त्याच रचनेचा पण लांब कवचाचा घेतला. या सायलेन्सरमध्ये व्यास वाढवण्यापेक्षा लांबी वाढवणं जास्त उपयोगी पडतं, लाटेला जिरायला तेवढा जास्त रस्ता मिळतो. आकडा ८६ वर आला. बटणाने उघडझाप होणारी झडपही सुचवली गेली होती, रस्त्यावर बंद आणि इतरत्र उघडी. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ५१ च्या नव्या आवृत्तीत चालकाला बदलता येणाऱ्या प्रत्येक स्थितीत गाडी मर्यादेत असायला हवी असं म्हटलं आहे. मग झडप बंद असताना शांत असण्याचा फायदा काय? ती लावली नाही.

तपासणीचा दिवस त्यामानाने नीरस गेला. निरीक्षकाने आधी गाडीखाली वाकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का, ऑक्सिजन सेन्सर जोडलेले आहेत का ते पाहिलं. सायलेन्सरवर मंजुरीचा शिक्का शोधला. युरोपीय नियमाप्रमाणे मंजूर झालेल्या सुट्या सायलेन्सरवर वर्तुळातला 'ई' आणि क्रमांक कोरलेला असतो. माझ्या सायलेन्सरवर तो नव्हता, म्हणूनच मोजणीची वेळ आली होती. मग त्याने माइक लावला, अंतर टेपने मोजलं. माझी दोरी मी खिशातच ठेवली. रेस मला द्यायला लावली. फेरे त्याच्या यंत्रावर दिसत होते, गाडीच्या काट्यावर त्याचा विश्वास नव्हता आणि तो नसावाच. सलग तीन मोजण्या एकमेकींपासून २ डेसिबलच्या आत यायला हव्यात, तेव्हाच त्या धरतात. आमची एक मोजणी पाठीमागून गेलेल्या ट्रकमुळे बाद झाली. बाकीच्या ८५ आणि ८६ च्या मध्ये.

"आवाज जाड आहे," तो कागद भरताना म्हणाला. "पण आकडा आत आहे." आणि सही केली.

त्यानंतर मीटर कपाटात गेला नाही. काही महिन्यांनी त्याच पार्किंगमध्ये, त्याच खडूच्या कोनात मोजलं तर सव्वा डेसिबल वाढ. भरण बसतंय. थंड सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर इंजिन जास्त फेऱ्यांवर चालतं तेव्हा गाडी अजूनही चाचणीतल्यापेक्षा मोठी वाजते. तेवढ्यापुरता ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी हळू बाहेर काढतो. फॅब्रिकेटरने मागच्या सायलेन्सरचं टोक या वेळी वेल्ड न करता रिव्हेट मारून बंद केलं आहे, भरण बदलायला पुन्हा कापाकापी नको म्हणून. आकडा ८८ ला पोचला की रिव्हेट काढायचे, असं आमचं ठरलंय. स्टीलवूल आणि काचतंतूंचा गठ्ठा आणून ठेवला आहे.